बासष्ट किलोंचा पंख

जयपूरच्या आमच्या मंडळात कार्यवाहाची सुटका फक्त बदलीने होते. घटनेत तसे लिहिलेले नाही. पण नऊ वर्षांत मी पाच कार्यवाह पाहिले आणि पाचही जण बदलीचा हुकूम हातात आल्यावरच मोकळे झाले. त्यातल्या एकाने आसामसाठी स्वतःहून अर्ज केला होता.

मंडळ लहान आहे. चाळीसेक मराठी कुटुंबे, कोणी बँकेतले, कोणी विम्यातले, कोणी रेल्वेतले, काही केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतले. कार्यवाहाने गणपतीची मूर्ती सांगायची, पोलिसांची परवानगी काढायची, प्रत्येक घरी फोन करून ‘जेवायला किती जण?’ याचे उत्तर मिळवायचे आणि हिंदीत वाढलेल्या मुलांकडून मराठी नाटुकले बसवून घ्यायचे. मुलांपेक्षा त्यांचे आईवडील जास्त त्रास देतात.

विसर्जनानंतरच्या रविवारी सी-स्कीममधल्या एका हॉलवर आढावा बैठक झाली. मावळते कार्यवाह गुवाहाटीला निघाले होते आणि त्या दिवशी ते दहा वर्षांनी तरुण दिसत होते. अध्यक्ष म्हणजे भुसावळकडचे, रेल्वेतून निवृत्त झाल्यावर इथेच घर बांधून राहिलेले गृहस्थ. त्यांनी नव्या कार्यवाहासाठी रांगेने विचारायला सुरुवात केली. एका घरात दहावी होती. एका घरात गुडघ्याचे ऑपरेशन. एका जोडप्याने बदलीची अफवा पुढे केली आणि ती मान्य झाली. मग माझी पाळी आली.

मी बावीस वर्षे एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली. नवऱ्याची विम्यातली बदली जयपूरला झाली तेव्हा नोकरी सोडली. आता सिव्हिल लाइन्सच्या मागच्या बाजूला भाड्याच्या घरात बसून इतरांची पुस्तके संपादित करते. अशा बाईला वेळ नसतो यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

“वहिनी, तुम्ही तर घरीच असता,” अध्यक्ष म्हणाले.

पुढे जे घडले त्याला हे वाक्य जबाबदार आहे. त्या दिवशी सकाळी मुलीने बंगळुरूहून एक व्हिडिओ पाठवला होता. एक बाई लाकडी धक्क्यावरून चार पावले पळते, हातातली फळी पाण्यावर सरकवते, तिच्यावर उडी मारते आणि फळी पाण्याला न टेकता गुडघाभर उंचीवरून पुढे जाते. इंजिन नाही, शीड नाही, लाट नाही. फळीखाली एक उभा खांब असतो आणि खांबाच्या तळाशी, पाण्याच्या आत, विमानासारखा पंख. बाई वर उभी राहून पायांनी दाबत राहते, पंख ढकलला जातो आणि फळी तरंगत राहते.

“मला जमणार नाही,” मी म्हणाले. “मी पाण्यावरून उडायला शिकते आहे.”

हॉलमध्ये चहाचे कप ठेवल्याचा आवाज झाला.

“जयपुरात?” अध्यक्षांनी विचारले.

“चौमूच्या अलीकडे. एका शेततळ्यात.”

“मतलब, उडता?”

“शिकते आहे, म्हणाले.”

अध्यक्षांनी रेल्वेत असताना रजेचे अर्ज बरेच वाचले असावेत. ते हसले नाहीत. “मग वहिनी, असं करू. नोव्हेंबरात वार्षिक सभा आहे. ती त्या तळ्यावरच घेऊ. या काठावरून त्या काठावर जाऊन दाखवा. दाखवलंत तर तुम्ही मोकळ्या. नाही जमलं तर कार्यवाह तुम्हीच. लिहून घ्या हो.”

मावळत्या कार्यवाहांनी ते इतिवृत्तात लिहून घेतले. त्यांचे अक्षर इतके सुंदर मी पूर्वी पाहिले नव्हते.

डेस्कवर असताना दोन ठिकाणांहून खात्री केल्याशिवाय मी बातमी सोडत नसे. इथे मी एक बातमी सोडून बसले होते आणि ती खरी करायला माझ्याकडे आठ आठवडे होते.

शेततळे मात्र खरे होते. चौमूच्या बाजूला काकडीच्या पॉलिहाउसांशेजारी पावसाचे पाणी साठवायला अशी तळी खोदतात. आत जाड काळे प्लास्टिक अंथरतात. तिकडे त्याला पन्नी म्हणतात. या तळ्याचा मालक नवऱ्याचा जुना विमेदार होता आणि दर हिवाळ्यात आम्हाला दाल-बाटी खायला बोलवायचा. मी त्याला सगळे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि एकच गोष्ट विचारली, “मैडमजी, पन्नी तो नहीं फटेगी?”

“नाही फाटणार.”

“सारी ककड़ी इसी पानी पर है.”

त्याने ड्रम आणि फळ्या जोडून उतारापलीकडच्या खोल पाण्यापर्यंत जाणारा धक्का बांधून दिला. पलीकडच्या काठापासून बरेच अलीकडे त्याने रिकामे कॅन बांधलेला एक दोर पाण्यावर ताणला. दोराच्या पुढे जायचे नाही. पुढे उतार होता आणि उतारावर पन्नी होती. अध्यक्षांना फोन करून ‘काठ ते काठ’चे ‘धक्का ते दोर’ करून घ्यावे लागले. अंतर माझ्या पावलांनी एकवीस भरले.

फळी आणि खांब फारसे प्रश्न विचारत नाहीत. प्रश्न असतो पंखाचा. मी तीन दिवस त्यावर वाचत होते आणि शेवटी मालवणच्या बाजूला समुद्रावर असे सामान विकणाऱ्या, शिकवणाऱ्या एका माणसाचा नंबर मिळाला. मराठी माणूस आहे हे कळल्यावर निम्मी चिंता मिटली, असे मला तेव्हा वाटले.

माझ्या मनात एक पंख भरला होता. लांब, निमुळता, घारीच्या पंखासारखा. व्हिडिओतल्या बाईचा तसाच होता.

“तो नको, ताई,” तो म्हणाला. “त्याका वेग लागता. तुमका वेग खंयसून मेळतलो? धक्क्यावरची चार पावलां. तेवढ्यात तो उचलूचो नाय. तुम्ही उडी मारशात आणि सरळ खाली.”

“मग जाड, आखूड असतो तो?”

“तो बोटीमागे शिकतत त्यांचो. लगेच उचलता, पण दोन हात जाऊन थांबता. तुमच्या पायांनी तो ढकलत ऱ्हवणा कठीण.” मग तो शहरी मराठीवर आला. “तुम्हाला मोठा हवा. क्षेत्रफळ जास्त. म्हणजे हळू वेगातही उचलतो. आणि थोडा लांबटही, म्हणजे घसरत राहतो. वळायला जड असतो, पण तुम्हाला वळायचं आहे का?”

“नाही. सरळ जायचं आहे. एकवीस पावलं.”

“एकवीसच कशाला?”

मी मंडळाची घटना सांगत बसले नाही.

“बरं. किती मोठा, ते वजनावर. वजन सांगा. खरा सांगा हां.”

“बासष्ट,” मी सांगितले.

खरे वजन या लेखात पुढे येईल. पण ते सांगणारी मी नसेन. संपादनाच्या धंद्यात मजकूर कापताना हात थरथरत नाही, एवढेच इथे नोंदवते. नवरा तेव्हा समोर बसून संत्रे सोलत होता. तो मूळचा नागपूरचा. संत्र्याचे धागे एकेक काढल्याशिवाय फोड तोंडात टाकत नाही. त्याने वर पाहिले, मग पुन्हा संत्र्याकडे पाहिले. तीस वर्षे तो विम्याचे अर्ज तपासतो आहे. त्याचे मत असे की लोक वय खरे सांगतात कारण दाखला जोडावा लागतो, आणि वजन सांगताना देवालाही घाबरत नाहीत.

पंख दोन आठवड्यांनी आला. खोका दाराच्या चौकटीतून तिरका करूनच आत घ्यावा लागला. आत काळा, गुळगुळीत पंख होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या दोन्ही हातांच्या पसऱ्याहून वीतभरच कमी. खोक्याच्या कोपऱ्यावर पेनाने आकडा लिहिला होता: ८२.

“हे काय आहे?” मी नवऱ्याला विचारले.

“मालाचा नंबर असेल,” तो म्हणाला आणि पेपर उचलला. पेपर कालचा होता.

तो ऑफिसला गेल्यावर मी मालवणला फोन केला.

“ताई, रागावू नका,” तो म्हणाला. “तुम्ही बासष्ट सांगितलात. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. म्हणाले, तिला सांगू नका, पंचाहत्तर धरा. आता साहेब खरे की तुम्ही खऱ्या, माका काय म्हायत? फोनवर खरा वजन कोण सांगत नाय, हो माझो अनुभव. म्हणून मी वर सात घातले.”

“म्हणजे हा पंख ब्याऐंशी किलोंच्या माणसाचा आहे.”

“होय. पण असू दे. शिकताना मोठोच बरो.”

मी नवऱ्याला काही विचारले नाही. बातमी हातात आली म्हणजे त्याच दिवशी छापावी असे नसते.

मग रोज सकाळी गाडीने तळ्यावर जायचे, हेल्मेट आणि जॅकेट घालायचे आणि पडायचे, असा क्रम सुरू झाला. पोहणे मी सांगलीत नदीवर शिकले होते, त्यामुळे बुडण्याचा प्रश्न नव्हता. पहिल्या दिवशी फळी पुढे गेली आणि मी धक्क्यावर राहिले. दुसऱ्या दिवशी मी पुढे गेले आणि फळी धक्क्यावर राहिली. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी एकदमच गेलो, पण फळीने नाक खाली केले आणि तळ्याच्या मालकाने दुरून पन्नीसाठी देवाचे नाव घेतले. चौथ्या दिवशी त्याने पंखाच्या दोन्ही टोकांवर ठिबकची नळी चिरून बसवली होती. टोके बोथट झाली. पंखही बोथट झाला. फळी उचललीच जाईना. बरीच चर्चा होऊन नळी फक्त गाडीतल्या प्रवासापुरती ठेवायचे ठरले. तो नळी काढताना पंखाकडे बघत म्हणाला, “ये तो पूरी चील है, मैडमजी.” घारीचा पंख मला मिळाला तो असा.

काकडी तोडणाऱ्या बायकांची न्याहारीची वेळ आणि माझी वेळ एक झाली. म्हणजे त्यांनी ती केली. सहा जणी बांधावर ओळीने बसून रोटी खायच्या आणि माझ्याकडे पाहायच्या.

“आज तीन हाथ गई.”

“काल चार गई थी.”

“म्हारी भैंस तो चुपचाप उतर जावै,” त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली. “इत्तो हल्लो कोनी करै.” एवढा दंगा ती करत नाही, असे.

मी वहीत पडण्याची नोंद ठेवत होते. सोळाव्या सकाळी म्हातारीने रोटी खाली ठेवली आणि धक्क्यापाशी येऊन मला दटावले. माझी चूक तिला बांधावरून दिसत होती. मी फळीवर उडी मारते आणि मग थांबते, जणू कोणी फोटो काढणार आहे. “थमो मत. घट्टी पीसै ज्यूं करो.” जात्यावर दळताना जसे अंग पुढे-मागे झुलत राहते, तसे. मी तिला म्हणाले की मी जाते कधी ओढलेले नाही. ती म्हणाली, ते दिसतेच आहे.

त्या सकाळी मी उडी मारली आणि थांबले नाही. दाब, सोड, दाब, सोड. फळीखाली पाण्याचा आवाज बंद झाला. पंख इतका मोठा होता की त्याला माझी घाई नको होती. मी चुकले तरी तो थोडा वेळ वाट बघायचा आणि पुन्हा वर घ्यायचा. बासष्ट किलोंसाठी मागवलेला पंख असता तर त्याने वाट बघितली नसती, हे मला त्या क्षणी कळले, आणि कळले त्याच क्षणी मी पडले. नऊ पावले झाली होती. बांधावरून सहा जणींनी एकदम आरोळी दिली.

सभेच्या आदल्या दिवसापर्यंत माझा आकडा अठरा होता. अठरा म्हणजे कार्यवाह.

रविवारी तीन गाड्या आणि एक मिनीबस आली. चाळीसेक माणसे, स्वेटर, डबे, सतरंज्या. अध्यक्षांनी येताना इतिवृत्ताची वही आणली होती आणि ती छातीशी धरून ते बांधावर उभे राहिले. मुले ‘आंटी उडेंगी’ म्हणत धावत होती. त्यांच्या आया त्यांना ‘मराठीत बोल’ असे हिंदीत सांगत होत्या. सुट्टी असूनही काकडीवाल्या सहाही जणी आल्या होत्या.

“किती प्रयत्न?” मी विचारले.

अध्यक्षांनी वही उघडली. “याबद्दल काही लिहिलेलं नाही.”

“मग तीन.”

“तीन. पण वहिनी, एक सांगतो. शिक्का आणि फाइल गाडीतच आहे.”

पहिल्या प्रयत्नात माझा पाय घसरला आणि मी धक्क्याच्या कडेवरूनच गेले. कोणी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले हेच ते. दुसऱ्या वेळी सोळा. पाण्यातून वर आले तेव्हा नवरा धक्क्यावर उकिडवा बसून मला हात देत होता. त्याचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा होता.

“अगं, नसेल होत तर राहू दे. मी मदत करत जाईन कार्यवाहाच्या कामात.”

“तू बाजूला हो,” मी म्हणाले.

तिसऱ्या वेळी मी दोराकडे पाहिले नाही. म्हातारी दोराच्या बाजूला जाऊन बसली होती, तिच्याकडे पाहिले. तिने दोन्ही हात पुढे केले आणि रिकाम्या हवेत जाते फिरवायला लागली. मी तिच्या हातांबरोबर दाबत राहिले. आकडा मोजायचा राहून गेला. एक कॅन माझ्या डाव्या हाताला खडखडला तेव्हा मी स्वतःला मागे टाकले, फळी उलटली आणि पंख पोट वर करून चमकत राहिला. दोराच्या पलीकडे त्याचे फक्त एक टोक गेले होते. तळ्याच्या मालकाने ते लगेच अलीकडे ओढले.

मी मोकळी झाले होते. अध्यक्षांनी ते वहीत लिहिले आणि खाली तारीख घातली.

दाल-बाटीनंतर सतरंजीवर सभा सुरू झाली. कार्यवाहाची जागा रिकामीच होती आणि सगळ्यांना आपापल्या ताटात काहीतरी बघण्यासारखे सापडले होते. वेळ जावा म्हणून अध्यक्षांनी विचारले, “वहिनी, एवढा मोठा पंख निवडला कसा तुम्ही?”

मी उत्तर देणार होते. पण नऊ वर्षांत मंडळाच्या एकाही सभेत न बोललेला माझा नवरा उभा राहिला. त्याने दोन बाट्या जास्त खाल्ल्या होत्या आणि तो फार आनंदात होता.

“ते मी सांगतो,” तो म्हणाला. “हिने दुकानदाराला बासष्ट किलो सांगितलं होतं. मी गुपचूप फोन करून दुरुस्त केलं. खरं वजन एकाहत्तर. वर सुरक्षेसाठी चार मी धरले. पंचाहत्तर. म्हणून आज जमलं.”

सतरंजीवर चाळीस माणसे होती. एका बाईने दुसरीच्या कानात आकडा पुन्हा सांगितला, कारण दुसरीला नीट ऐकू आला नव्हता. नवऱ्याच्या लक्षात आले तेव्हा तो अर्धा खाली बसला होता. तो तसाच राहिला.

मी उभी राहिले.

“कार्यवाहपदासाठी मी एक नाव सुचवते,” मी म्हणाले. “जो माणूस लोकांनी दिलेला आकडा तसाच धरत नाही, न सांगता खात्री करतो, लागेल तेवढी भर घालतो आणि शेवटी सगळं खरं सभेपुढे ठेवतो. शिवाय आज धक्क्यावर त्यांनी मला स्वतः सांगितलं, की ते कार्यवाहाच्या कामात मदत करायला तयार आहेत.”

अनुमोदन चार बाजूंनी एकदम आले. अध्यक्षांनी नवऱ्याकडे पाहिले. “काही अडचण?”

इतर कोणीही तिथे दहावी, गुडघा किंवा बदली काढली असती. पण तीस वर्षे दुसऱ्यांच्या सबबी तपासणाऱ्या माणसाला स्वतःची एकही सुचली नाही. तो म्हणाला, “अडचण अशी काही नाही,” आणि गाडीतून शिक्का आणि फाइल आणण्यात आली.

संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी त्याने चाळीस घरी फोन केले. प्रत्येक घराने सांगितलेला जेवणाऱ्यांचा आकडा वहीत लिहिला आणि प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीने स्वतःचा दुसरा लिहिला. आचाऱ्याला पेन्सिलीचा आकडा दिला. जेवण संपले तेव्हा पातेल्यात एक गुळपोळी उरली होती. ती अध्यक्षांनी खाल्ली.

पंख आता बाहेरच्या खोलीत दारामागे उभा असतो, टोकांवर ठिबकची नळी घातलेला. काल कार्यवाहांनी पुढच्या सभेची नोटीस मला तपासायला दिली. मी तीन शब्द कापले. सकाळी पाहिले तर त्याने ते परत घातले होते आणि वर एक वाढवला होता.